रत्नागिरी जिल्ह्यातील सिंचन व जलसंधारण

महाराष्ट्राच्या कोकण विभागातील रत्नागिरी हा डोंगराळ जिल्हा आहे. या जिल्ह्यातील सिंचन व जलसंधारण या विषयात शेतीसाठी पावसाचे पाणी अडवणे, मुरवणे, साठवणे आणि वापरणे यांच्या पारंपरिक व आधुनिक पद्धतींचा समावेश होतो. जिल्ह्यात दरवर्षी सरासरी ३,००० मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांना टँकरने पिण्याचे पाणी पुरवावे लागते आणि बरीचशी भातजमीन खरिपाच्या एकाच पिकानंतर पडीक राहते. त्यामुळे येथील सिंचनाचा प्रश्न पाऊस कमी पडण्याचा नसून पडलेले पाणी पावसाळ्यानंतर टिकवून धरण्याचा आहे. तीव्र उतार, सच्छिद्र जांभा खडक, जमिनीचे लहान तुकडे आणि विखुरलेली वस्ती यांमुळे मोठ्या धरणांच्या जोडीला गावपातळीवरील लहान साठ्यांना या जिल्ह्यात विशेष महत्त्व आहे.

प्राकृतिक पार्श्वभूमी

जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर असून त्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर हे नऊ तालुके आहेत. पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग आणि पश्चिमेस अरबी समुद्र यांच्यामधील हा चिंचोळा प्रदेश आहे. सावित्री, भारजा, वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी व अर्जुना या येथील प्रमुख नद्या होत. या नद्यांची लांबी कमी आणि वरच्या टप्प्यातील उतार तीव्र असल्याने घाटमाथ्यावर पडलेले पाणी थोड्याच वेळात खाडीला मिळते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे पऱ्ये आणि वहाळ पौष-माघापर्यंत कोरडे पडू लागतात.

वार्षिक पावसापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने ३,००० मिलिमीटर पावसात एका हेक्टर जमिनीवर सुमारे तीन कोटी लिटर पाणी पडते. यातील मोठा भाग जमिनीवरून वाहून जातो व जाताना सुपीक मातीही नेतो.

भूस्तर आणि झरे

जिल्ह्याचा पाया दख्खनच्या पठाराच्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. त्यावर अनेक ठिकाणी जांभा खडकाचा जाड थर असून त्याच्या उघड्या, सपाट माथ्यास स्थानिक भाषेत ‘सडा’ किंवा ‘कातळ’ म्हणतात. जांभा सच्छिद्र असतो. त्याच्या भेगांतून आणि पोकळ्यांतून पाणी वेगाने खाली उतरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या कडेला, डोंगरउतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. या रचनेमुळे पावसाळ्यात विहिरी लवकर भरतात; परंतु पाऊस थांबल्यावर त्यांची पातळीही लवकर खाली जाते.

अनेक वाड्यांची जागा अशा झऱ्यांच्या आधारानेच ठरलेली आहे. काही बारमाही झरे देवरायांमध्ये किंवा त्यांच्या पायथ्याशी आढळतात. देवराईतील वृक्षतोडीस पूर्वापार बंदी असल्याने तेथील पालापाचोळ्याचा थर टिकून राहतो आणि पाणी मुरण्यास मदत होते. झऱ्याला पाणी पुरवणारे क्षेत्र त्याच्या थेट वरच्या उतारावरच असते असे नाही. खडकाच्या थरांचा कल पाहता ते डोंगराच्या दुसऱ्या बाजूलाही असू शकते. म्हणून झरा पुनरुज्जीवित करण्यासाठी चर खोदण्यापूर्वी भूस्तराची पाहणी आवश्यक ठरते.

जांभ्याचे चिरे काढण्यासाठी सड्यांवर चिरेखाणी खोदल्या जातात. त्यामुळे पाणी धरणारा थर कमी होतो. दुसरीकडे, वापर थांबलेल्या काही खाणींत पावसाचे पाणी साठते आणि ते जनावरांसाठी किंवा बागेसाठी वापरले जाते.

शेतजमीन व पाण्याची गरज

जिल्ह्यातील शेतजमिनीचे पाण्याच्या दृष्टीने ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

भातखाचरे: दरीच्या तळाशी व मंद उतारावर बांध घालून केलेली सपाट शेते. खाचरांचे बांध पावसाचे पाणी अडवून ठेवतात, म्हणून भातशेती ही स्वतःच जलसंधारणाची एक पद्धत मानता येते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पावसाने ओढ दिल्यास भाताला एक-दोन संरक्षित पाण्याच्या पाळ्या लागतात. कापणीनंतर खाचरातील उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा, चवळी यांसारखी कडधान्ये घेतली जातात. जेथे पाटाचे पाणी मिळते तेथे ‘वायंगण’ म्हणजे उन्हाळी भात किंवा भाजीपाला घेता येतो. वायंगण ही संज्ञा सिंधुदुर्ग जिल्ह्यात आणि गोव्यातही प्रचलित आहे.

वरकस जमीन: डोंगरउतारावरील उथळ मातीची जमीन. येथे पूर्वी नाचणी व वरी ही पिके आलटून पालटून घेतली जात. अशा जमिनीचा मोठा भाग आता आंबा व काजू लागवडीखाली आला आहे.

आगर: किनाऱ्यालगतच्या वालुकामय जमिनीतील नारळी-पोफळीच्या बागा. यांना पावसाळा सोडून वर्षभर पाणी द्यावे लागते. येथील विहिरी उथळ असून त्यांतून अतिरिक्त उपसा झाल्यास खारे पाणी आत शिरते.

पारंपरिक पद्धती

आगरांना पाणी देण्यासाठी विहिरीवर रहाट बसवलेले असत. रहाटाच्या चाकावरील माळेला बांधलेली गाडगी पाणी भरून वर येत आणि पन्हळीत रिकामी होत. रहाट बैल किंवा रेडा जुंपून फिरवला जाई. पायाने फिरवायचा लहान ‘पायरहाट’ही वापरात होता. कमी खोलीच्या विहिरीवर किंवा वहाळावर ‘लाट’ वापरत. टेकूवर आडव्या बसवलेल्या लाकडाच्या एका टोकाला भांडे आणि दुसऱ्या टोकाला वजन अशी तिची रचना असे. रहाटाचे पाणी लहान पाटांतून प्रत्येक झाडाच्या आळ्यात पोचवले जाई. विजेचे पंप आल्यानंतर ही साधने मागे पडली. त्याबरोबर उपशाची गतीही वाढली.

डोंगराळ भागात झऱ्याचे किंवा पऱ्याचे पाणी वरच्या अंगाला वळवून उताराच्या कडेने पाट काढण्याची पद्धत आहे. असा पाट केवळ गुरुत्वाकर्षणावर चालतो. वाटेतील घळी ओलांडण्यासाठी पोफळीच्या किंवा अन्य झाडांच्या पोकळ खोडांच्या पन्हळी वापरल्या जात. आता त्यांची जागा नळांनी घेतली आहे. पाटाची साफसफाई आणि डागडुजी दरवर्षी करावी लागते.

हंगामी बंधारे

पावसाळा संपताना वाहत्या पऱ्यावर दगड, माती, झाडांच्या फांद्या व पाने यांचा बांध घालणे ही कोकणातील जुनी प्रथा आहे. यास कच्चा बंधारा म्हणतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू किंवा माती भरून रचलेल्या बंधाऱ्यास ‘वनराई बंधारा’ म्हणतात. हे नाव मोहन धारिया यांनी स्थापन केलेल्या ‘वनराई’ या संस्थेवरून पडले. त्यास खर्च अत्यल्प येतो आणि तो ग्रामस्थांच्या श्रमदानातून एक-दोन दिवसांत बांधता येतो.

अशा बंधाऱ्यात साठणारे पाणी मोजले तर ते फार नसते. त्याचा मुख्य उपयोग साठ्यापेक्षा पातळी उंचावण्यात आहे. पऱ्यातील पाण्याची पातळी वर आल्याने ते पाटात वळवता येते, तसेच काठावरील विहिरींची पातळी टिकून राहते. प्रवाह सुरू आहे तोवर बंधारा पुन्हा पुन्हा भरत राहतो. म्हणून तो केव्हा बांधला हे निर्णायक ठरते. ऑक्टोबरच्या आरंभी बांधल्यास परतीच्या पावसाने वाहून जाण्याची भीती असते, तर डिसेंबरअखेर बांधल्यास अडवण्यासाठी पुरेसा प्रवाहच उरत नाही. भातकापणी व दिवाळी यांच्या धावपळीत हा योग्य काळ निसटून जातो, ही या कामातील नेहमीची अडचण आहे.

दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) स्थानिक दगड व प्लास्टिकचा कागद वापरून बांधायचा ‘कोकण विजय बंधारा’ विकसित केला. दगडांच्या रचाईत प्रवाहाच्या बाजूने प्लास्टिकचे अस्तर दिल्याने गळती कमी होते.

मोठ्या नाल्यांवर सिमेंटचे पक्के बंधारे आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बांधले जातात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांमध्ये फळ्या किंवा लोखंडी दारे बसवलेली असतात. पावसाळ्याच्या अखेरीस ती लावतात आणि पुढील पावसाळ्यापूर्वी काढतात. दारे वेळेवर न बसवणे, ती गंजणे किंवा चोरीस जाणे आणि फटींतून होणारी गळती यांमुळे अनेक बंधारे बांधलेले असूनही कोरडे राहतात.

उतारावरील मृद व जलसंधारण

मृदसंधारणाची कामे माथ्यापासून पायथ्याकडे करावीत, असे पाणलोट विकासाचे मूलतत्त्व आहे. वरच्या भागातील पाणी न अडवता खाली बंधारा बांधल्यास तो काही वर्षांत गाळाने भरतो. जिल्ह्यात प्रामुख्याने पुढील उपाय केले जातात.

सलग समतल चर: समान उंचीच्या रेषेवर खोदलेले चर. ते वाहत्या पाण्याचा वेग मोडतात व पाणी मुरवतात.

अर्धचंद्राकृती बांध व मजगी: झाडाच्या उताराकडील बाजूस घातलेला बांध झाडापाशी ओल टिकवतो, तर मजगी घातल्याने उतारावर पायऱ्यांसारखी सपाट शेते तयार होतात.

दगडी अनगड बांध: घळीत न घडवलेले दगड रचून केलेले बांध. ते माती अडवतात आणि पाणी झिरपू देतात.

आच्छादन: आळ्यात पालापाचोळा, गवत किंवा भाताचा पेंढा पसरल्याने बाष्पीभवन घटते.

कोकणात हे उपाय देशावरच्या मापाने करून चालत नाहीत. थोड्या वेळात कोसळणाऱ्या मोठ्या पावसात चरांना सुरक्षित सांडवा नसेल तर ते फुटतात. खोल मातीच्या तीव्र उतारावर अतिरिक्त पाणी मुरवल्यास दरड कोसळण्याचा धोकाही वाढू शकतो. त्यामुळे काही जागी पाणी मुरवण्यापेक्षा ते सुरक्षितपणे खाली काढून देणे आवश्यक असते.

फळबागा आणि जलकुंड

महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू केली. लागवडीसाठी शंभर टक्के अनुदान मिळाल्याने कोकणातील वरकस जमिनीवर आंबा व काजूच्या कलमांची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. पूर्ण वाढलेला हापूस पावसाळ्यात साठलेल्या ओलीवर फळे देऊ शकतो. मात्र नवीन कलमांना पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी न मिळाल्यास ती मरतात. विहिरीपासून दूर, कातळावरील लागवडीत हा प्रश्न अधिक तीव्र असतो.

यासाठी कृषी विद्यापीठाने ‘जलकुंड’ ही पद्धत पुढे आणली. बागेच्या वरच्या भागात खड्डा खोदून त्यात जाड प्लास्टिकचे अस्तर घालतात आणि पावसाचे पाणी साठवतात. अस्तरामुळे जांभ्यातून होणारी गळती थांबते. वर झाप किंवा जाळीचे छप्पर केल्यास बाष्पीभवन घटते. कुंड बागेच्या वर असल्याने पाणी पंपाशिवाय, नळीने कलमांपर्यंत नेता येते.

या पद्धतीची उपयुक्तता साध्या हिशेबाने स्पष्ट होते. दहा मीटर अंतराने लावल्यास एका हेक्टरात आंब्याची शंभर कलमे बसतात. प्रत्येक कलमास आठवड्याला दहा लिटर याप्रमाणे डिसेंबर ते मे या सव्वीस आठवड्यांत पाणी द्यायचे झाल्यास २६,००० लिटर, म्हणजे २६ घनमीटर पाणी लागते. त्याच हेक्टरावर पडणाऱ्या पावसाच्या तुलनेत हे प्रमाण एक हजारांशापेक्षाही कमी आहे. बाष्पीभवनासाठी साठा दुप्पट धरला तरी तो लहानच राहतो.

फळधारणा झालेल्या मोठ्या झाडांना फळे वाटाण्याएवढी झाल्यापासून ठरावीक अंतराने पाणी दिल्यास फळगळ कमी होते व फळांचा आकार वाढतो. मोहोर येण्यापूर्वी पाणी दिल्यास मात्र झाडास पालवी फुटून मोहोर लांबण्याची शक्यता असते. म्हणजे पाणी उपलब्ध असले तरी ते केव्हा द्यावे याचे ज्ञान तितकेच महत्त्वाचे आहे. काजू, नारळ व पोफळीच्या बागांत तसेच भाजीपाला आणि कलिंगडाच्या लागवडीत ठिबक सिंचनाचा वापर वाढत आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेतून सूक्ष्म सिंचनास अनुदान देण्यात आले.

मोठे व मध्यम प्रकल्प

कोकणातील सिंचन प्रकल्पांसाठी राज्य शासनाने १९९७ मध्ये कोकण पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन केले. खेड तालुक्यातील नातूवाडी, संगमेश्वर तालुक्यातील गडनदी आणि राजापूर तालुक्यातील अर्जुना हे जिल्ह्यातील मध्यम प्रकल्प होत. यांशिवाय अनेक लघु पाटबंधारे प्रकल्प आहेत.

डोंगराळ भूभागात कालवे काढणे खर्चिक असते. कालव्याला वारंवार घळी ओलांडाव्या लागतात, जांभ्यातून गळती होते आणि लाभक्षेत्र एका सलग पट्ट्यात न मिळता विखुरलेले असते. पावसाळ्यातील दरडी व गाळ यांमुळे कालवे बुजतात. या कारणांनी धरणात पाणी असूनही ते शेतापर्यंत न पोचण्याचे प्रकार घडतात. यावर उपाय म्हणून उघड्या कालव्यांऐवजी बंद नलिकांतून पाणी नेण्याकडे कल वाढला आहे.

कोयनेचे अवजल: सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस आणून चिपळूण तालुक्यातील पोफळी परिसरातील विद्युतगृहांत वीजनिर्मितीसाठी वापरले जाते. कृष्णा पाणीतंटा लवादाने यासाठी वार्षिक ६७.५ अब्ज घनफूट, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर पाणी पश्चिमेकडे वळवण्याची मर्यादा घातली. वीजनिर्मितीनंतरचे हे अवजल वाशिष्ठी नदीत सोडले जाते. त्यामुळे वाशिष्ठीला उन्हाळ्यातही प्रवाह असतो व चिपळूण परिसराची गरज भागते. परंतु बहुतेक पाणी शेतीसाठी न वापरता खाडीला मिळते. हे पाणी कोकणातील तालुक्यांना देण्याचे आणि मुंबईकडे नेण्याचे प्रस्ताव वेळोवेळी मांडले गेले आहेत. शेती नदीपात्रापेक्षा उंचावर असल्याने उपशाचा विजेचा खर्च ही यातील प्रमुख अडचण आहे.

तिवरे धरण दुर्घटना: २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लघु पाटबंधारे प्रकल्पाचे मातीचे धरण फुटले. धरणाखालील भेंदवाडी ही वस्ती वाहून गेली व वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. धरणातून गळती होत असल्याच्या ग्रामस्थांच्या तक्रारी दुर्घटनेनंतर प्रकाशात आल्या. लहान धरणांचीही नियमित तपासणी व दुरुस्ती किती आवश्यक आहे, हे या घटनेने अधोरेखित केले.

शासकीय योजना व लोकसहभाग

डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. त्यातून जिल्ह्यातही चर, बंधारे, गाळ काढणे व विहीर पुनर्भरण यांची कामे करण्यात आली. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. अवर्षणप्रवण भागासाठी रूढ झालेले मोठे शेततळे कोकणात अनेकदा बसत नाही, कारण सपाट जागा कमी, खडक कठीण आणि अस्तराशिवाय पाणी टिकत नाही. येथे लहान आकाराची, अस्तर घातलेली तळी अधिक व्यवहार्य ठरतात.

महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये लाभधारक शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना पाणीवाटपाचे अधिकार देण्यात आले. पाट व बंधाऱ्यांच्या बाबतीत मात्र वाडीतील परस्पर समजुतीने पाण्याच्या पाळ्या ठरवण्याची रीत अधिक प्रचलित आहे.

सामाजिक अडचणी

जिल्ह्यातील सिंचनवाढीला केवळ तांत्रिक मर्यादा नाहीत. पिढ्यानपिढ्या वाटण्या होऊन जमिनीचे अत्यंत लहान तुकडे झाले आहेत. एका सातबारावर अनेक सहहिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांतील बरेच जण मुंबई-पुण्यात स्थायिक झालेले असतात. विहीर, शेततळे किंवा नळजोडणीसाठी सर्वांची संमती मिळवणे कठीण जाते व अनुदानाचे प्रस्ताव रखडतात.

भातकापणीनंतर गुरे मोकळी सोडण्याची जुनी प्रथा हाही एक अडथळा आहे. शिवारातील एकट्या शेतकऱ्याला पाणी मिळाले तरी भोवतालची जमीन पडीक असल्यास त्याला कुंपण व राखण यांचा खर्च परवडत नाही. माकडे व रानडुकरांच्या उपद्रवाने ही अडचण वाढते. त्यामुळे रब्बी पीक जेथे रुजले आहे तेथे ते बहुधा लगतच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन घेतलेले असते. तरुणांच्या स्थलांतरामुळे बंधारे घालणे व पाट उपसणे या सामूहिक कामांसाठी मनुष्यबळही कमी पडते.

पूर, गाळ आणि पुढील आव्हाने

२२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीमुळे वाशिष्ठी नदीला महापूर येऊन चिपळूण शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर नदीपात्रातील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. डोंगरउतारावरील वृक्षतोड, रस्त्यांसाठी केलेले खोदकाम आणि उघडी पडलेली जमीन यांमुळे मोठ्या प्रमाणात गाळ नदीत येतो. पावसाळ्यातील पूर आणि उन्हाळ्यातील टंचाई या दोन्हींच्या मुळाशी पाण्याचा जलद निचरा हे एक समान कारण असल्याने, वरच्या पाणलोटातील मृदसंधारण दोन्ही दृष्टींनी उपयुक्त ठरते.

पाणी अडवण्याच्या कामांचे मूल्यमापन बहुधा बांधलेल्या बंधाऱ्यांच्या संख्येने केले जाते. हंगामी बंधारा दरवर्षी नव्याने घालावा लागतो आणि पक्क्या बंधाऱ्याची दारे दरवर्षी बसवावी लागतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत विहिरीत किती पाणी आहे, झरा किती काळ वाहिला आणि भातानंतर किती क्षेत्रावर दुसरे पीक उभे राहिले, हे अशा कामांच्या यशाचे अधिक विश्वसनीय निकष ठरतात.